प्रवाशाची सही

११ फेब्रुवारी १९९५, बारामती

आज शाळेच्या व्हरांड्यात मी चक्क उडी मारली. हेडमास्तर म्हणाले, "मिसाळ सर, भूगोलाच्या शिक्षकाला हे शोभत नाही." नाही शोभत तर नाही! कॅप्टन केकी दुभाष यांचं पत्र त्यांना आलं असतं तर त्यांनी घंटा वाजवून शाळाच सोडून दिली असती.

ही वही आजपासून सुरू. पुढं कुणी माझ्या संग्रहाचा इतिहास लिहायला बसला तर त्याला सगळं तारीखवार मिळावं. तर इतिहासकार महाशय, मी बुद्धघोष मिसाळ. सांगवीच्या हायस्कुलात शिकवतो, राहतो बारामतीत. विमानांचे पंख कापडाचे असायचे त्या काळातल्या वैमानिकांचे सहीचे कागद मी जमवतो. पत्ता मिळेल तिथं पत्र टाकायचं, आत परतीचं पाकीट घालायचं आणि वाट बघायची. कुणी परवान्याची प्रत पाठवतं, कुणी फ्लाइंग क्लबची पावती. हॉलंडच्या एका म्हाताऱ्यानं पेट्रोलचं बिल पाठवलं, सहीसकट. अंजली, म्हणजे आमची बायको, म्हणते की लग्नाआधी तुम्ही मला यातली चार पत्रं लिहिली असती तरी पुष्कळ होतं. ती टेलिफोन ऑफिसात आहे, पत्रांची किंमत तिला काय असणार.

आता पत्र. कॅप्टन दुभाष पुण्यात असतात, वय पंच्याऐंशी. ते लिहितात की १९३४ साली ते छोटं विमान घेऊन मुंबईहून सोलापूरला चालले होते. धुळीची वावटळ उठली म्हणून इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर उतरले. उतरताना बाभळीत अडकून पंख फाटला. गावातल्या एका मुलीनं तो शिवून दिला. त्या बदल्यात त्यांनी तिला एक चक्कर मारून आणली. प्रवाशाला द्यायची छापील कार्डं तेव्हा त्यांच्याजवळ असत, वर वैमानिकाची सही आणि खाली प्रवाशाची. त्यांनी कार्ड भरलं, सही ठोकली, पण मुलीच्या बापानं ते हातात घेतलं नाही. कार्ड अजून त्यांच्या कपाटात आहे. प्रवाशाच्या सहीची ओळ रिकामी आहे.

"तिला शोधा," असं त्यांनी लिहिलंय. "त्या ओळीवर तिची सही आणा आणि कार्ड तुमचं."

कळंब! मी हॉलंडला पाकिटं धाडतोय आणि खजिना वालचंदनगरशेजारी पुरलेला!

संध्याकाळी मोठ्या आईला सगळं पत्र मराठीतून वाचून दाखवलं. मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती, तानूबाई. माझी आई लवकर गेली, मला वाढवलं ते हिनं. तिचं माहेर कळंबचंच, म्हणून म्हटलं काही धागा मिळेल.

"काय मग?" मी विचारलं.

"डावा," ती म्हणाली.

"काय डावा?"

"डोळा. लवतोय म्हनलं मगाधरनं."

अशी ही मदत! तुमच्या गावात विमान उतरलं आणि तुला आठवत नाही का म्हटलं, तर म्हणे, "मी ल्हान व्हते." मग थोड्या वेळानं, "जित्ता हाय व्हय त्यो अजून?" आहे की, म्हटलं. तर उठली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली. म्हातारपण, दुसरं काय.

१९ फेब्रुवारी

माऊली तावरे घरी येऊन गेले. साखर कारखान्यातून रिटायर झाल्यापासून त्यांनी नाणी जमवायला घेतली आहेत आणि आता ते आम्हा सगळ्या संग्राहकांचे पुढारी आहेत. एक मे रोजी वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं ठरवलंय. माझी फाईल चाळून म्हणाले, "सर, माल झकास हाय, पर सगळा परगावचा. इंग्लंड, हॉलंड, जर्मनी. आपल्या मातीतलं काय हाय तुमच्याकडं?"

मी नुसता हसलो. एक मेला बघा म्हटलं. आता कार्ड मिळवलंच पाहिजे, नाहीतर या माणसासमोर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

ते गेल्यावर मोठी आई फाईलपाशी आली. एरवी ती माझ्या कागदांकडं ढुंकून बघत नाही. "परक्यांच्या सह्या गोळा करतोस, पगाराच्या कागदावर तरी येळेवर सही करतोस का?" हे तिचं ठरलेलं. आज मात्र जुन्या विमानाचा फोटो धरून बसली. पंखावर बोट फिरवत म्हणाली, "टाका लई जवळ घालाय लागतोय. न्हायतर वारं शिरतं आन् फाटा लांबत जातोय."

मी म्हटलं, "मोठी आई, ते विमान आहे, वाकळ नव्हे."

"व्हय, व्हय," ती म्हणाली. "तू शिकल्याला माणूस."

२६ फेब्रुवारी

पुण्याला जाऊन आलो. कॅप्टन साहेबांचा कॅम्पातला दुसरा मजला. कान शाबूत, नजर शाबूत, आवाज तर असा की जिन्यात ऐकू येतो. आधी मला दोन अंडी खायला लावली, मग कार्ड दाखवलं.

काय सांगू!  जाड पिवळट पुठ्ठा, वर निळ्या शाईची लफ्फेदार सही. मध्ये इंग्रजीत भरलेलं: नाव छबू. बाप बाबाजी. व्यवसाय शिंपी. गाव कळंब. खाली ती रिकामी ओळ.

मी म्हटलं, साहेब, एवढी वर्षं तुम्ही स्वतः का नाही शोधलंत?

"एक वार गेला होता मी," ते म्हणाले. "लढाई संपल्याच्या पछी. गावात विचारला. लोक बोलले, अशी कोणी पोरगी नाय. मी पारसी माणूस, खोदून विचारू तर उगाच तिच्या घरी लफडा होयल." मग माझ्याकडं बोट रोखलं. "पण तू मास्तर हाय. नी एक गोष्ट. खाली उतरल्यावर ती पोरगी मला एक बोलली होती. ते मी तुला नाय सांगणार. जी खरी असेल ती सांगेल."

शिंपी! आता काय राहिलं? कळंबमध्ये शिंप्यांची घरं असून असून किती असणार. बसमध्ये मी हिशोबच करून टाकला. बाबाजी शिंपी, त्याची मुलगी छबू. पंधरा दिवसांत काम फत्ते.

घरी आल्यावर सांगितलं. मोठी आई चुलीपाशी... गॅसपाशी होती. मान वर न करता म्हणाली, "शिंपी लिवलंय?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. अंजली तिच्याकडं बघत राहिली. या दोघींचं काहीतरी चाललेलं असतं.

५ मार्च

कळंबला गेलो, रिकाम्या हातानं आलो. शिंप्यांची घरं धुंडाळली. बाबाजी नावाचा शिंपी कुणाच्या आज्याच्या आठवणीत नाही. पारावर रावजी म्हणून एक नव्वदीचे आबा भेटले. त्यांना विमान आठवतं. "आलं व्हतं की! आमी गंजीमागं लपलो व्हतो. आख्खं गाव लपलं व्हतं." मी विचारलं, "आबा, तेव्हा शिंप्यात छबू नावाची मुलगी होती का?" म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "शिंप्यात? न्हाय बा. शिंप्यात न्हवती."

संपलं. उन्हानं डोकं उठलं होतं. मोठ्या आईच्या माहेरी चहा घेतला. तिचा भाऊ मागंच वारला, भावजय आहे. लोंढ्यांचं घर, तिथल्या आमच्याच लोकांच्या वस्तीतलं, तिथं विचारण्यासारखं काही नव्हतंच. तिनं बसायला एक जुनी वाकळ टाकली. कापड विरून गेलेलं, पण टाके असे बारीक की बोट फिरवलं तर लागत नाहीत. "वन्संच्या हातची हाय, लग्नाआदीची," भावजय कौतुकानं म्हणाली. छान आहे म्हटलं आणि उठलो, कारण एक शिंप्याचं घर राहिलं होतं.

ते घरही फुकट गेलं.

६ मार्च

मोठी आई विचारते, "हिरीवर गेल्तास का? वरच्या आळीच्या?" मी विहिरीवर कशाला जाऊ? मी काय पाणी भरायला गेलो होतो?

९ एप्रिल, इंदापूर

सापडली! सापडली, सापडली!

मीच गाढव. मुलगी म्हटल्यावर ती लग्न होऊन गेलेली असणार, गावात कशी सापडेल? इंदापुरात कापडाचं दुकान आहे, रामहरी पोरे यांचं. त्यांची आई छबूबाई, वय पंच्याहत्तरच्या आसपास, जात शिंपी. माहेर कळंबचं नाही, निमगावचं आहे, पण आजोळ कळंबला होतं असं रामहरी म्हणतात. आजोळी गेलेली असताना झालं असेल, त्यात काय अवघड?

छबूबाईंना कमी ऐकू येतं. मी ओरडून विचारलं, "आजी, तुम्ही लहानपणी विमानात बसला होता का?"

"आँ?"

"विमानात! इमानात!"

"बसले असंल बाबा," त्या म्हणाल्या.

रामहरींना फार आनंद झाला. "आईनंच शिवलं असणार बघा सर, आमच्या रक्तातच हाय त्ये. पेपरात फोटू येईल का?" येईल म्हटलं.

खाली उतरल्यावर त्या काय बोलल्या होत्या, ते काही त्यांना आठवेना. साठ वर्षं झाली, कुणाला आठवेल? कॅप्टन साहेबांना समजावून सांगता येईल. त्यांना तार केली: प्रवासी सापडली, एक मे, बारामती, कार्डासह यावे.

घरी पेढे घेऊन गेलो. अंजलीनं खाल्ला. मोठ्या आईनं हातात घेतला आणि तसाच ताटलीत ठेवला.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक जोरात झाली. दर वर्षी मोठी आई निळा काठ असलेली पांढरी साडी नेसून सगळ्यांच्या पुढं असते. आज विहारात वंदना घेतली आणि घरी येऊन झोपली. ताप नाही, खोकला नाही. विचारलं तर म्हणते, "कटाळा आलाय." अंजली मला म्हणाली, "अहो, त्यांना एकदा नीट विचारा ना." काय विचारू? कंटाळा का आला ते? मला लेबलं लिहायची होती. कार्डासाठी खास पाकीट आणलंय, पुण्याहून, आरपार दिसणारं.

२३ एप्रिल

आज जे घडलं ते लिहिताना लाज वाटतेय आणि छातीही फुगतेय, दोन्ही एकदम. जमेल तसं लिहितो.

छबूबाईंचा हात कापतो. म्हणून ठरवलं की आज त्यांना घरी आणायचं आणि सहीचा सराव करून घ्यायचा. रामहरी त्यांना जीपमधून घेऊन आले. मी टेबलावर कोरे कागद मांडले. "आजी, लिहा. छ. बू." त्या जीभ बाहेर काढून गिरवायला लागल्या. पहिलं छ कोंबडीसारखं आलं, पण दुसरं बरं आलं.

मोठी आई चहाचा ट्रे घेऊन आली. कागदावर तिची नजर गेली. ट्रे खाली ठेवला. कप ठेवले. मग छबूबाईंच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बाई, ते नाव लिवू नगंस. ते माजं हाय."

छबूबाईंना या वेळी मात्र नीट ऐकू आलं. "माजं बी हाय की!" त्या म्हणाल्या.

"तुजं असंल. पर त्या कार्डावरलं माजं हाय."

मी ताडकन उठलो. "मोठी आई, काय बोलतेस? तुझं नाव तानू."

"लगीन झाल्यावर तानू. त्याच्याआदी बाबाजी लोंढ्याची छबू. लग्नात नाव बदलत्यात ते तुमच्या भूगोलात न्हाय व्हय?"

"अगं पण तिथं शिंपी लिहिलंय!"

तेव्हा तिचा आवाज चढला. माझ्या आयुष्यात मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "त्या पारशी बाबानं इचारलं, तू काय करतीस. मी म्हनलं शिवते. त्यानं लिवलं शिंपी. त्याला काय ठावं! पर तू? तू माझ्या वाकळंत वाढलास. बाई शिवती म्हनल्यावर तू जाऊन शिंप्याची दारं वाजवलीस. सुई काय जात इचारून शिवती व्हय रं?"

 वर्गात मुलांनी आडनावावरून कुणाला चिडवलं तर मी छडी घेतो. आणि मी स्वतः काय केलं होतं? कार्डावरचा एक शब्द वाचून जात शोधत फिरलो. आमच्या वस्तीत बसून चहा प्यायलो आणि तिथं एक प्रश्न विचारावासा वाटला नाही.

मग ती बसली आणि तिनं सगळं सांगितलं. छबूबाईसुद्धा कानामागं हात धरून ऐकत होत्या. शक्य तितकं तिच्याच शब्दात लिहितो.

"गाव लपलं. आमी कुठं लपायचं? आमी माळावरच व्हतो, गवऱ्या येचत. त्यो उतरला आन् पंख बगून कपाळाला हात लावून बसला. डावा पंख, हातभर फाटल्याला. खुणा करून दोरा मागत व्हता. गावातनं कुनी येईना. मी घरला पळाले, दाभण आनली, वाकळंचा दोरा आनला. दोन येळा शिवलं, आतनं आन् वरनं. त्यानं वर डबीतलं रोगण लावलं, असा वास, डोळ्यात पानी यायचं. मग त्यानं मला बोट दावलं आन् वर आभाळाकडं बोट दावलं. बा न्हाय म्हनत व्हता. मी चढले बी.

"वर गेल्यावर मला पैल्यांदा काय दिसलं सांगू? वरच्या आळीची हीर. तितं आमाला पाय ठिवायची चोरी. वरून वाडगं वाटत व्हतं. मी म्हनलं, एवढंसंच हाय व्हय हे! एवढ्याशा पान्यापायी आमी दुपारभर हात जोडून हुबं ऱ्हातो व्हय! आन् मला जे हसू आलं, जे हसू आलं, त्या बाबाला वाटलं पोरगी भ्याली."

ती थांबली. 

"खाली आलो तर गाव जमल्यालं. पोरगी परक्या मानसासंगं एकटी वर गेली, म्हनायला लागले. बानं कार्ड घेतलं न्हाय ते त्यापायीच. म्हैन्याच्या आत लगीन लावलं. सासऱ्यानं सांगितलं, छबू हे नाव हितं काडायचं न्हाय, इमानाचं तोंडातनं काडायचं न्हाय. एकदा तुझ्या चुलत्याला सांगितलं मी, तर त्यो हसला. खोटं वाटलं त्याला. मग कुनालाच सांगितलं न्हाय."

"मला तरी सांगायचं," मी म्हटलं. 

"तू बी हसला असतास," ती म्हणाली. "फोटूवर बोट ठिवून टाका दावला तवा हसलासच की."

छबूबाईंनी पेन खाली ठेवलं आणि मोकळा श्वास टाकला. "बरं झालं बया. मला एस्टीत सुदीक उलटी व्हती. मला कुटं इमानात बसवत व्हते ही लोकं." रामहरींचा चेहरा पडला, पण आईनंच त्यांना झापलं आणि मोठ्या आईच्या हातचा चहा दोनदा मागून घेतला.

अंजलीला केव्हा कळलं होतं असं विचारलं. म्हणाली, "डाव्या डोळ्याच्या वेळीच. पण ते त्यांनी स्वतः सांगायचं होतं ना."

२७ एप्रिल

मोठी आई म्हणते ती एक मेला येणार नाही. "पुना हसायची लोकं. म्हातारी चळली म्हनत्याल." मी विनवण्या केल्या, चिडलो, जेवलो नाही. काही उपयोग नाही. मला कार्ड हवंय म्हणून मी विनवतोय असं तिला वाटत असेल का? तसं वाटलं तर ते अगदीच खोटंही नाही. पण नुसतं कार्ड नाही. तिला कुणीतरी खरं म्हटलं पाहिजे, चार लोकांच्यादेखत, मोठ्यानं.

२८ एप्रिल

अंजलीनं तिला एकच विचारलं: "मोठी आई, तो म्हातारा या उन्हात पुण्याहून येणार. कोण भेटणार त्याला?"

मोठ्या आईनं तांदळाचं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "माझी पांढरी साडी इस्त्रीला टाक."

१ मे

जिंकलो! आज लिहिताना हात आवरत नाही.

हॉल सकाळपासून भरलेला. तावऱ्यांची नाणी एका बाजूला, माझं टेबल दुसऱ्या बाजूला, मध्ये कार्डासाठी ठेवलेलं रिकामं पाकीट. साडेदहाच्या सुमारास कॅप्टन साहेब आले. कोट, टाय, घामानं निथळलेले, हातात काठी. मी मोठ्या आईला पुढं केलं. ती अंजलीचा हात घट्ट धरून होती.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. ओळख पटेना, कशी पटणार? चोवीस वर्षांचा पोरगा आणि तेरा वर्षांची पोर एकमेकांना शोधत होती, आणि समोर दोन पिकलेली माणसं.

तावरे माझ्या कानात कुजबुजले, "सर, चुलतीच हुबी केलीत व्हय?" आजूबाजूच्या दोघांनी ऐकलं आणि हसले. मोठ्या आईनंही ऐकलं. तिचा हात अंजलीच्या हातातून सुटला. मला वाटलं, आता वळणार आणि घरी जाणार. 

कॅप्टन साहेब म्हणाले, "बाई, खाली उतरल्यावर तू मला काय बोलली होती?"

 मोठी आई ताठ उभी राहिली आणि शाळेतल्या मुलासारखी खणखणीत म्हणाली,

"आनि एकदा!"

म्हाताऱ्याची काठी खाली पडली. "आनि एकदा!" ते ओरडले. "हेज बोलली! पेट्रोल नव्हता, बाई! नाय तर नेला असता मी, खोदायजीनी कसम, नेला असता!" त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागले. मग मोठी आई त्यांना समजावते, "आवं, ऱ्हाऊ द्या. मानसं बगत्यात." हे बघून कोण हसणार? तावऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. मान्य करतो, माणूस मोठ्या मनाचा आहे.

कार्ड टेबलावर ठेवलं. मी माझं चांगलं शाईचं पेन दिलं. मी पहिलीत असताना माझ्या पाटीवरच ती अक्षरं शिकली होती, बँकेत सही करते, पण तानूबाई मिसाळ अशी. आज तिनं पेन टेकवलं आणि थांबली. मी म्हटलं, "हळू, काही घाई नाही." ती म्हणाली, "घाई तुला हाय. मी नाव आठवत न्हाय, मी मजा घेतीय."

आणि लिहिलं. छबू बाबाजी लोंढे. रिकामी ओळ भरली.

मी पाकिटाचं तोंड उघडून तयार उभा होतो. कॅप्टन साहेब म्हणाले, "मास्तर, कार्ड तुझा." मी हात पुढं केला. पण मोठ्या आईनं शाई फुंकून वाळवली, कार्ड पदरानं पुसलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. "ह्यो माजा कागद हाय," ती म्हणाली. "बानं घेतला न्हवता. मी घेतला."

खरं लिहितो: कार्ड परत मागावंसं वाटलं. संग्रह सुरू केल्यापासूनच्या सात वर्षांत इतकी सुंदर वस्तू माझ्या हाताच्या इतक्या जवळ आली नव्हती. पण मी पाकीट मिटलं आणि मोठ्यानं म्हणालो, "तिचाच आहे!" तसं म्हटल्यावर जरा बरं वाटलं. अजून हवंसं वाटतंय, तेही खरंच आहे.

माझ्या टेबलावरचं पाकीट दिवसभर रिकामं होतं आणि सगळी गर्दी त्याच टेबलापाशी होती. प्रत्येकाला मी सांगत होतो, कार्ड बघायचं तर त्या बाईंना विचारा. ती खुर्चीवर बसून एकेकाला पिशवीतून काढून दाखवत होती आणि बोट लावू देत नव्हती.

३ मे

काल मोठ्या आईनं कळंबची एस्टी धरली. मला बरोबर घेतलं, पण "तू बोलायचं न्हाय," या अटीवर. पारावर जाऊन बसली आणि कार्ड रावजी आबांच्या नातवाकडून मोठ्यानं वाचून घेतलं. इंग्रजी पोराला धड येईना, तरी नावं वाचली: छबू, बाबाजी, कळंब.

रावजी आबा म्हणाले, "मला ठावं व्हतं की."

"मग बोल्ला का न्हाई?"

"सर शिंप्यातली इचारत व्हते," आबा म्हणाले. "मी म्हनलं शिंप्यात न्हवती. खोटं बोल्लो व्हय?"

मी कबूल केल्याप्रमाणे तोंड उघडलं नाही. सगळी वरची आळी गोळा झाली होती. बायका कार्ड बघायला वाकत होत्या. एकीनं मोठ्या आईला विचारलं, वरून गाव कसं दिसतं? मोठी आई म्हणाली, "बारकं." आणि मग कुणाला न विचारता विहिरीवर गेली, पोहरा सोडला, तोंड धुतलं, पोटभर पाणी प्यायली. आता तिथं कुणी कुणाला अडवत नाही, कैक वर्षांपासून. तरीही ती तिथं गेली आणि पाणी पिऊन आली.

आज दुपारी मी हे लिहीत बसलो होतो. ती शेजारी येऊन बसली. कार्ड आता तिच्या ट्रंकेत आहे, कुलपात. म्हणाली, "तोंड एवढुसं करून नगं बसू. तुझ्या फायलीत सगळ्या गोऱ्यांच्या सह्या हायत्या, माझी न्हाय, व्हय ना?"

मी म्हटलं, "असू दे गं."

"आन हिकडं," ती म्हणाली आणि वही ओढून घेतली. खालचं अक्षर माझं नाही.

मी छबू बाबाजी लोंढे. इमानात बसले व्हते. आनि एकदा बसनार.